पूर्वेची हिमनदी

दादा या शिखरावर आला तो परतलाच नाही. पूर्वेच्या उतारावर बर्फाचा कडा कोसळला आणि तो त्याखाली गाडला गेला. एकवीस वर्षांनी वहिनी म्हणाली, "एकदा ती जागा बघायचीय." म्हणून मी तिला शिखरासमोरच्या टेकडीवर घेऊन आलो.

शिखराच्या तीन बाजूंनी हिमनद्या उतरत होत्या. राखाडी, भेगाळलेल्या, अगदी निश्चल. आमचा म्हातारा वाटाड्या म्हणाला, "रोज थोड्या सरकतात या. वर पडलेलं सगळं कधीतरी खाली आणून सोडतात."

इतकी वर्षं मी ज्याला शेवट समजत होतो, ते अजून वाटेतच होतं.

"पूर्वेकडचं कुठे येतं?" वहिनीने विचारलं.

त्याने काठीने खाली दाखवलं. तिथे बर्फाच्या कडेतून गढूळ पाणी सुटत होतं. "तिथे. पण अजून पुष्कळ वर्षं लागतील, ताई."

वाटलं, ती रडेल. तिने वाऱ्याने विस्कटलेले पांढरे केस ओढणीत सारले आणि हळूच मला विचारलं, "भाऊजी, ते तर अजून तिशीतलेच असतील. मला ओळखतील?"

एवढा मोठा पहाड समोर होता, तरी नजर कुठे ठेवावी ते मला कळेना.