हळदकुंकू लावलेली कादंबरी

आमच्या शकुनबाईला रडायला कारण लागत नाही. शेजारची गाय आटली तरी हिच्या डोळ्याला पदर. मी तिची धाकटी जाऊ. एकाच अंगणात आमची दोन घरं, त्यामुळे हे रडणं मी आसगावात लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे, आणि खरं सांगते, पुष्कळदा त्याचा वीट येतो. पण बाई वाईट नाही. मोहाडीकडून परकर सुटायच्या वयात इथं आली. धानाच्या रोवणीत तिचा हात सगळ्यांच्या पुढे, दाराशी आलेलं माणूस उपाशी जाऊ देणार नाही. फक्त ‘नाही’ हा शब्द तिला कधी जमला नाही. नवऱ्याला म्हणता आला नाही, पोराला तर नाहीच नाही.

शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण पोथीचं वेड भारी. दरवर्षी रोवणी आटोपली की तिच्या ओसरीवर पोथी लागते. चौरंग, दिवा, गूळ-फुटाणे. वाचणारी मी, कारण मी बारावी पास. आणि बाईचा नियम एकच, पण लोखंडी: लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही. एका वर्षी मी तापानं फणफणले, तर माझ्या खाटेशी चौरंग आणून ठेवला होता हिनं.

या वर्षी पोथी लवकर संपली. धान कापणीला यायला अवकाश होता, दुपार रिकामी. आणि घरात तर भलतंच होऊन बसलेलं. शकुनबाईची रक्षा भंडाऱ्याला खोली करून शिकत होती. तिचं वरठीच्या एका पोराशी जुळलं. पोरगा कारखान्यात कामाला, स्वभावानं गरीब, पण जात वेगळी. हे कळलं तसा तिचा भाऊ कैलाश मोटारसायकल घेऊन गेला आणि बहिणीला आणि तिच्या पुस्तकांच्या पोत्याला एकदमच घरी घेऊन आला. फोन हिसकावला. ओसरीला लागून धान ठेवायची खोली आहे, तिच्यात पोरीला घातलं. बाहेरून कडी, कडीला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. मोहाडीकडचं एक स्थळ पाहून ठेवलं. पंधरवड्यानंतरच्या सोमवारी पाहुणे येणार, लगोलग साक्षगंध, दिवाळी झाली की लग्न.

मी भांडले. मला राग गिळता येत नाही, तो बाहेरच येतो. माझे भासरे, म्हणजे शकुनबाईचा नवरा सुखराम, शांतपणे म्हणाले, “पोथी वाचाची असन तं वाच. आमच्या घरात बोलाचं असन तं ओसरीवर पाय ठेवू नको.” माझा नवरा मोठ्या भावापुढे मान वर करत नाही. मग मी पोथीच वाचायची ठरवली. निदान भिंतीपलीकडे पोरगी खोकली तर ऐकू येईल.

पण पोथी तर संपलेली. शकुनबाईनं काय करावं? पोत्यातलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं, चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला आणि मला म्हणाली, “बस.”

मी उघडून पाहिलं. पोलंड नावाच्या देशातली कादंबरी, मराठीत आणलेली. तिकडे जर्मनीच्या फौजेनं ज्यू लोकांना घरातून काढून गाड्यांत कोंबलं आणि मारायला नेलं, त्या काळातली. मी म्हटलं, “बाई, ही पोथी नाही. यात देव नाही कुठंच.”

“आता कुंकू लागलं,” ती म्हणाली. “आता पोथीच होय. अर्धी नाही सोडाची.”

अशी आमची ती कादंबरी लागली. ऐकायला शकुनबाई, आणि समोरच्या किराणा दुकानाची बेबीबाई. बेबीबाईला प्रश्न फार. पोलंडात धान होते का? मग खातात काय? या ज्यू लोकायचा गुन्हा काय होता? मी म्हटलं, “जन्मले, हाच.” बेबीबाईनं हातातले फुटाणे परत ताटलीत टाकले.

कादंबरीत एस्तेर नावाची मुलगी होती. आईबापांना गाडीत घालून नेलं, हिला एका शेतकरणीनं गोठ्यामागच्या सांदीत लपवलं. बेबीबाई म्हणे, “तिले खोकला आला तं काय करत असन? महिन्याचं तिचं कसं?” मी वाचत गेले तसं कळत गेलं, आणि दोघींनी तोंडात पदर घातला. गावातल्या दूधवाल्याला संशय येतो, तो फौजेला सांगतो, तिथं आमचं चांगलंच जुंपलं. बेबीबाई म्हणाली, त्यालेही लेकरंबाळं होती, भेला असन. मी म्हटलं, “भेला म्हणून दुसऱ्याचं लेकरू देऊन टाकाचं काय? तू दिलं असतं?” ती तणतणत उठून गेली. दुसऱ्या दिवशी वेळेआधी येऊन बसली.

शकुनबाई मात्र त्या शेतकरणीवर जीव ओवाळून टाकायची. एस्तेरसाठी तिनं शनिवार धरला. रोज गुळाचा एक खडा चौरंगावर वेगळा ठेवायची, एस्तेरच्या नावाचा. वाचन झालं की कुलूप काढून तोच खडा आत रक्षाच्या हातावर ठेवायची आणि पुन्हा कुलूप लावायची. ते पाहिलं की माझं टाळकं सणकायचं.

एके दिवशी असं आलं, की फौज झडती घ्यायला येते आणि शेतकरीण सांदीच्या फळीला बाहेरून कडी घालून पुढे गवत रचते. शकुनबाईनं डोळे पुसले. म्हणाली, “पाह्य, कडी लावली म्हणून वाचली पोरगी. माय म्हणजे अशी. लोकायले वाटते कोंडलं. कोंडलं नाही, जपलं. मीबी जपूनच राहिली ना आपल्या लेकीले.”

मी पुस्तक मिटलं. माझ्या तोंडून काय निघालं असतं ते बरं नव्हतं. पण त्याआधी दाराआडून रक्षा बोलली.

“आई, तिले बाहेरच्यायची भीती होती. मले घरच्यायची आहे.”

“घरच्यायची? कोणाची वो?” शकुनबाईचा आवाज चढला. “कैलाशची? त्यानं तुले कडेवर खेळवलं. जरासा तापट आहे, पण बहिणीवर जीव आहे त्याचा.”

शकुनबाईनं गुळाचा खडा उचलला, दारापर्यंत गेली, आणि कुलूप न काढताच परत येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिनं मला वाचू दिलं नाही. डोळे सुजलेले. म्हणाली, “शेवट सांग. सुटते काय ती?”

शेवट मी आधीच वाचून ठेवला होता. म्हटलं, “सुटते. लढाई संपते, शेतकरीण फळी काढते. पण पोरीले उभं राहता येत नाही. पाय आखडलेले. शेतकरीण तिले लेकरासारखं कडेवर घेऊन उजेडात आणते.”

शकुनबाई दाराकडे पाहत बसली. सोमवार दोन पावलांवर. मग तिनं फुंकर मारून दिवा विझवला.

बेबीबाई चरकली. “अवो बाई, पोथी अर्धी आहे.”

“राहू दे अर्धी.”

तिनं कमरेची किल्ली काढली. ती माझ्या हातावर ठेवली, आणि कुलूप मी उघडलं. रक्षा बाहेर आली, भिंत धरून, उजेडाला डोळे मिचकावत. आईनं तिला जवळ घेतलं नाही, वेळच नव्हता. माझ्या फोनवरून रक्षानं वरठीला त्या पोराला कळवलं. बेबीबाईची टीना स्कुटी घेऊन आली. पवनीपर्यंत ती सोडणार, तिथून बस, वरठीला तो पोरगा उभा राहणार आणि दोघं रेल्वेगाडीत बसून पुढे जाणार. सुखरामभाऊ आणि कैलाश बांधीवर होते, हलका, लवकर पिकणारा धान कापायला. दिवस मावळता येणार.

स्कुटी गेली. मी म्हटलं, “बाई, आता त्यायले काय सांगाचं?”

शकुनबाई त्या खोलीत शिरली आणि धानाच्या पोत्याला टेकून बसली. “कडी लाव. कुलूपबी लाव, किल्ली तुह्यापाशी ठेव. कैलाश आला तं दार बंद दिसलं पायजे अन् आतून आवाज आला पायजे. तवर पोरगी वरठीले लागन. माह्याबद्दल विचारलं तं सांग, मंदिरात गेली.”

मी ऐकेना. तिनं आतून दार ओढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कोणाला ‘नाही’ म्हणाली, ती मला. मी कुलूप लावलं.

दिवेलागणीला कैलाश एकटाच पुढे आला. मी आमच्या चुलीशी होते, मधे नुसता कुडाचा आडोसा. त्यानं कुलूप ओढून पाहिलं, मग दाराला तोंड लावलं. “रक्षा.”

आतून हुंकार आला. मायलेकींचा आवाज एकच आहे.

मला वाटलं, जेवली का, असं विचारील. तो हळू आवाजात म्हणाला, “सोमवारी पाहुण्यायपुढं तोंड उघडलं ना, तं इथंच गळा दाबीन. अन् गावाले सांगीन, धानाच्या खोलीत साप निघाला. कोणी विचारणार नाही. समजलं?”

आतून परत तोच हुंकार आला. कैलाश हातपाय धुवायला विहिरीवर गेला.

मी धावत जाऊन कुलूप काढलं. शकुनबाई पोत्याशी तशीच बसलेली होती. डोळे कोरडे. तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं.

“रोज असंच बोले काय वो तो तिले?”

“मले माहीत नाही, बाई. चाल, बाहेर ये.”

ती उठली नाही. विहिरीवर बादलीचा आवाज होत होता.

“बाहेर तं तोच आहे ना,” ती म्हणाली. “लाव कडी.”