फटी ठेवलेला ओटा

मेढ्याला माझं सासर. घर उतारावर. मागच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की चिखल, नाहीतर घसरगुंडी. नागपंचमीला गल्लीतल्या बायका झिम्मा-फुगडी खेळायच्या त्या दुसऱ्यांच्या अंगणात. आमच्याकडं कोण कशाला येतंय! नवी नवरी असल्यापासून मला त्याचा लय राग. आमचे मालक सुतार. एकदा तोंडावरच म्हटलं, "गावाला दारं-खिडक्या करून देता, अन् घरच्या बायकांना पाय टेकायला जागा न्हाई! मागं लाकडी ओटा घाला."

घातला बिचाऱ्यांनी. पण ते काम शिकले सांगलीला, व्यापाऱ्यांच्या पेट्या करत. सांध्यात फट दिसली की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फळीला फळी अशी भिडवली की मुंगी आत शिरायची नाही. आषाढात फळ्यांनी पाणी पिलं, त्या फुगल्या आणि पापडासारख्या वर उठल्या. पंचमी हुकली. सासूबाई म्हणाल्या, "फुडल्या पंचमीला बाया ह्याच्यावर खेळल्या तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर समदा चुलीत घालीन." आणि त्या बोलल्या की करायच्याच.

शेजाऱ्यांची बैलगाडी पावसाळाभर उघड्यावर भिजत होती. तिच्या तळाच्या फळ्यांत फटी होत्या आणि एकही फळी जागची हलली नव्हती. मी मालकांना ओढत नेऊन दाखवलं. ते भडकलेच.

"सुताराच्याच घरी फळी जुळंना, म्हणत्याल लोक!"

"म्हणू द्या. बोलून दमत्यात आपोआप."

फुगून बसले होते, पण उन्हाळ्यात ओटा उकलला आणि मग माणूस थांबेना. खांब जांभळाचे, आणि वाळवी लागू नये म्हणून तेही दगडावर उभे केलेले. खालच्या तुळया जवळ जवळ बसवलेल्या. फळ्यांना घरापासून बाहेर जरासा उतार. दर दोन फळ्यांमध्ये माझी काचेची बांगडी उभी धरायची, तिच्या जाडीएवढीच फट. लढाईचे दिवस, सगळं लोखंड तिकडं; नवे खिळे कुठले? जुने वाकडे खिळे मी दगडावर ठोकून सरळ केले. बोटं सुजली, पण हटले नाही.

"चाळण केलीया नुसती," सासूबाई म्हणाल्या.

पंचमीला सकाळपासून धो धो. दुपारी उघडलं तर साऱ्या गल्लीत अंगणांचा नुसता राडा झालेला. आमचा ओटा मात्र निथळून मोकळा! बायका आल्या, पण दारातच घोटाळल्या. एक म्हणाली, "आवं, खाली गेलो तर?" आता ह्या माघारी वळल्या की ओटा चुलीत. मी पदर खोचला, एकटीच बाहेर गेले आणि मधोमध दाणदाण उड्या मारल्या.

"या की गं! का घाबरताय?"

दोघी आल्या, मग चौघी, मग ओटा भरून गेला. झिम्मा झाला, पिंगा झाला, फुगड्यांनी फळ्या दणाणल्या. एक खिळा निघाला नाही, एक फळी करकरली नाही! माझा आनंद पोटात मावेना. मालक कोपऱ्यात उभं राहून खांबाकडंच बघत होते, आणि हसत होते.

तेवढ्यात सासूबाई दारातून पुढं आल्या. गुडघे धरलेत म्हणून कैक वर्षं त्या खेळल्या नव्हत्या. त्यांनी पदर कंबरेला खोचला.

"सरा गं समद्या बाजूला." माझ्यापुढं दोन्ही हात केले. "धर. अन् भिऊ नगंस, जोरात फिर. माझा वटा हाय त्यो, काय हुत न्हाई."