मस्कतची बाई

"घे गं, लाजू नकोस. एकदाच नेसलेली आहे."

प्लास्टिकच्या पिशवीत साडी होती आणि वर उरलेल्या मसालेभाताचा डबा. देणाऱ्या होत्या वर्षाच्या सासूबाई. बदलापूरचा नवा फ्लॅट, आठवा मजला. वास्तुशांतीचं जेवण नुकतंच उरकलेलं, हॉल अजून पाहुण्यांनी भरलेला. मी आणि आई निघायला उठलो होतो.

"तिकडे आमच्या वर्षाचं सगळं तूच बघतेस ना? स्वयंपाक, भांडी, लादी. ती सांगते हो फोनवर, बाई चांगली मिळालीय म्हणून."

मला कळलंच नाही. मी मागे वळून बघितलं, माझ्या पाठीशी कोण उभं आहे. कोणी नव्हतं.

मी एम.एस्सी., बी.एड. मस्कतच्या एका शाळेत नववी-दहावीला फिजिक्स शिकवते. वर्षा त्याच शाळेत इंग्रजी शिकवते, शिवाय आमची कोऑर्डिनेटर आहे. सध्या दोघी सुट्टीवर इकडे आलोय. शाळेत मी तिला मॅडम म्हणते. खोलीवर आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो, कारण खोली एकच आहे. दुसऱ्यांच्या फ्लॅटमधली. मधे पडदा, एका बाजूला तिचा पलंग, दुसऱ्या बाजूला माझा.

गल्फ म्हटलं की इकडे लोकांचे डोळे मोठे होतात. पगार हातात येतो त्यातलं भाडं जातं, घरी पाठवायचे ते जातात, उरतं त्यात महिना ढकलायचा. टॅक्सी नाही. उन्हात चालायचं, ओढणी ओली करून डोक्यावर घ्यायची. भाजी दुकान बंद व्हायच्या वेळेला घ्यायची, मऊ पडलेले टोमॅटो स्वस्त मिळतात. एसी फक्त झोपताना. एक दिवस ती डाळ टाकायची, एक दिवस मी. एकाच पातेल्यातून वाढून घ्यायचो. तिला ताप आला तेव्हा मी पेज करून तिच्या तोंडात घातली, तिचे कपडे धुतले. माझा पाय मुरगळला तेव्हा तिने माझी बादली भरून दिली. मला वाटायचं, गरिबीने आम्हाला सारखं केलंय.

चूक. गरिबी सारखी होती. आम्ही नव्हतो.

त्या दुपारी आत शिरल्या शिरल्या सासूबाईंनी विचारलं होतं, "कुठून आलात?"

"अंबरनाथ. बुवापाडा."

"आडनाव?"

मी सांगितलं.

"हां, हां," त्या म्हणाल्या. आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसवलं. शेवटच्या पंगतीत वाढलं, आचाऱ्याच्या माणसांबरोबर. मला वाटलं, गर्दी आहे, होतं असं. पिशवी समोर आली तेव्हा सगळं एकदम जुळलं.

मी वर्षाकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. लगबगीने आली, माझं मनगट धरलं आणि कोपऱ्यात ओढलं.

"प्लीज. आज नको. यांना वाटतं माझा स्वतःचा फ्लॅट आहे तिकडे."

"आणि मी?"

"व्हिडिओ कॉलवर तू मागे भांडी घासताना दिसलीस एकदा. सासूबाईंनी विचारलं, कोण ती? खोली शेअर करते असं कसं सांगणार? चटकन तोंडात आलं गं."

चटकन.

तो शब्द मला अजून टोचतो. माझ्या जागी तिच्या नात्यागोत्यातली, तिच्यासारख्या आडनावाची मुलगी भांडी घासत असती, तर चटकन काय आलं असतं? मैत्रीण. भाची. कुणाची तरी बहीण. माझ्याकडे बघून कामवाली आलं. विचारसुद्धा करावा लागला नाही तिला.

मी हात सोडवून घेतला. ती आणखी हळू बोलली, "तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आहे. रिपोर्ट मीच देते, माहितीये ना?"

माहीत होतं. बाबांचं डायलिसिस त्याच नोकरीवर चालतं. हे तिलाही माहीत होतं. मीच सांगितलं होतं, पडद्याच्या अलीकडून.

मी गप्प बसलेही असते. खरं सांगते. तोंड मिटून लिफ्टपर्यंत गेले असते. पण तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं.

आईने चार घरची भांडी घासून मला शिकवलं. आता होत नाही म्हणून उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे आणते आणि घरी बसून धागे कापते. तिची बोटं कायम निळी असतात. वास्तुशांतीला जायचं म्हणून सकाळी लिंबाने घासून घासून धुतली होती. ठेवणीतली साडी नेसली होती. पोरीच्या बरोबरच्या बाईंनी बोलावलंय, हे तिने आख्ख्या चाळीला सांगितलं होतं.

तिचा हात पुढे झाला होता. पिशवी घ्यायला.

"द्या ना ताई," ती म्हणत होती. हसतसुद्धा होती. सवयीने. माझा तमाशा होऊ नये म्हणून.

"आई, घेऊ नको."

माझा आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. हॉलमधल्या माना वळल्या.

"काकू, मी तुमच्या सुनेची कामवाली नाही. तिच्या शाळेत फिजिक्स शिकवते. ती आणि मी एका खोलीत राहतो. अर्धं भाडं ती भरते, अर्धं मी. भांडी मी घासते त्या दिवशी लादी ती पुसते."

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. सून खाली बघत होती.

"वर्षा 'बाई' म्हणाली, म्हणून आम्ही समजलो…"

"बाईच आहे मी. शाळेतली."

"मग एवढं चिडायचं काय त्यात? काम काय वाईट असतं?"

"काम वाईट नसतं. ह्या माझ्या आईने तेच केलंय. पण आडनाव ऐकल्यावर तुम्हाला ते खरं का वाटलं, एवढंच सांगा. पुन्हा विचारावंसंही वाटलं नाही?"

एक काका म्हणाले, "अहो, आज वास्तू आहे, आज कशाला?" मग वर्षा रडायला लागली. लगेच तिच्याभोवती बायका जमल्या. कोणी पाणी आणलं, कोणी पाठ थोपटली. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. आमच्याकडे कोणी बघत नव्हतं. पिशवी जमिनीवर पडली होती. आम्ही चपला घातल्या आणि निघालो.

रिक्षात आई रस्ताभर बाहेर बघत होती. मला वाटलं, पोरीचा अभिमान वाटत असेल. घराजवळ उतरल्यावर म्हणाली, "मी घेतली असती ना साडी. काय झिजलो असतो का? नोकरी गेली तर बाबांचं काय?"

तिचं खोटं नव्हतं. बाबांना आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपावं लागतं. पण ह्याच भीतीने तिचा हात आयुष्यभर पुढे होत आला. तीच भीती मलाही वाटली होती, तिथे त्या कोपऱ्यात. आज मी साडी घेतली असती, तर उद्या माझ्या मुलीने घेतली असती.

त्याच संध्याकाळी प्रिन्सिपलना मेल केला. माझा रिपोर्ट वर्षा मॅडमनी देऊ नये, दुसऱ्या कुणी द्यावा. कारण लिहिलं. काहीही न गाळता, जात ह्या शब्दासकट. अजून उत्तर नाही. येईल ते येईल.

काल वर्षाचा फोन आला. सॉरी म्हणाली नाही.

"तू दुसरी खोली बघ," म्हणाली. "एवढं सगळं झाल्यावर आपण एकत्र राहायचं कसं?"

"तुला जमत नसेल तर तू बघ," मी म्हटलं. "मी तिथेच राहणार आहे."