भिंतीवरचा कागद आणि फुटकी गोळी

"दाबा साहेब, तुमीच दाबा," म्हणत अण्णांनी पोत्यातल्या मूठभर गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. दाबल्या. पीठ झालं.

मी सावेडीत राहतो आणि सेंद्रिय खताच्या गोळ्या करणारी मशिनं बसवून देतो. अण्णांचा प्लांट कोल्हारजवळ. शेणखत आणि साखर कारखान्यातलं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, यांच्या गोळ्या तिथं होतात. मशिन सोपं आहे. भोकं पाडलेली जाड पोलादी चकती, तिला डाय म्हणतात. वरून रोलर फिरतात आणि माल भोकांतून खाली दाबतात, शेवयांच्या साच्यातून दाबावा तसा. गोळी टणक हवी, कारण शेतात पोचेपर्यंत तिला टेम्पोचे धक्के खायचे असतात. अण्णांच्या गोळीची दुकानापर्यंतच भुकटी व्हायची आणि पोती परत यायची.

मशिन मंगलताई चालवायच्या. पॅकिंगला लागलेली बाई, बघून बघून मशिन शिकलेली. अण्णा त्यांच्यादेखतच म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात मशिन दिलं, माझंच चुकलं. सोमवारपासून हिला परत पोती शिवायला बसवतो." ताई खाली मान घालून फावड्यानं ढीग सारखा करत राहिल्या. मला वाईट वाटलं. पण चूक ऑपरेटरचीच असणार असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू!

डाय खोलली. भोकं झिजलेली नव्हती. रोलरची फट बरोबर होती. मालातला ओलावा मोजला, तोही बेताचा निघाला. सकाळ अशीच गेली आणि माझं डोकं तापलं.

चहा घेताना नजर भिंतीवर गेली. देवाच्या फोटोशेजारी माझ्याच अक्षरातला कागद चिकटवलेला. रोज मशिनला उदबत्ती ओवाळताना अण्णा त्यालाही ओवाळायचे, धुरानं पिवळा पडला होता. आधी गोळी बांधायला ते मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, वापरत, पण गोडाला मुंग्या लागायला लागल्या. म्हणून मी स्टार्च सुचवला आणि घाईघाईत लिहून दिलं होतं : 'मक्याचा स्टार्च पाण्यात कालवून मालात टाकणे.'

"ताई, स्टार्च कसा टाकता?"

"तुमी लिवलंय तसाच. पान्यात कालवून."

"गार पाण्यात?"

"व्हय. गार पान्यात खळ हुत न्हाई, हे कळतंय मला. अण्णांना म्हनलं बी हुतं. ते म्हनले, इंजिनिअरपरीस तुला जास्त कळतं का?"

मी कपाळावर हात मारला. गार पाण्यात स्टार्च नुसता तळाला बसतो. उकळत्या पाण्यात शिजला तरच त्याची चिकट खळ होते आणि गोळी धरून ठेवते. मी हे पुस्तकात शिकलो, ताई सुती साड्यांना खळ घालून. पण लिहिताना मला वाटलं, एवढं काय सांगायचं!

शेडबाहेर चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं. खळ किती घट्ट हवी ते ताईंनी ठरवलं, मी नुसतं ढवळलं. माल काढला, वाळवला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी एक पोतं टेम्पोतून खाली टाकायला लावलं आणि स्वतः उघडून बघितलं. गोळ्या शाबूत होत्या.

"मग चूक कुनाची धरायची?" अण्णांनी विचारलं.

"माझी," मी म्हणालो. "ताईंनी माझी चूक रोज इमानानं केली, एवढंच."

मी ताईंची माफी मागितली. अण्णांनी नाही मागितली. गोळ्या हातात खेळवत म्हणाले, "मंगल, सोमवारी मशिनवरच ये."

हल्ली तक्रार आली की पाना-पक्कड काढायच्या आधी मी माझंच लिहिलेलं वाचतो.

त्या दिवशी निघताना कागद दुरुस्त करायला पेन काढला, तर ताई म्हणाल्या, द्या इकडं. 'पाण्यात'च्या आधी त्यांनी ठसठशीत 'उकळत्या' लिहिलं आणि पेन माझ्यापुढं धरला.

"आता खाली सही करा साहेब. न्हाईतर अण्णा मानायचे न्हाईत."