रस्ता चुकलेला नवरदेव

खंडेनवमी, सकाळ, अण्णांचं घर. हजर: माझे वडील अण्णा, माझी आई, जिला आम्ही सगळे अक्काच म्हणतो, माझा मुलगा आणि नवी सून, भावाची सात वर्षांची लेक, आणि मी. भाऊ-वहिनी दुकानाच्या पूजेला गेले होते.

बेत माझा होता. आधी पूजा, मग जेवण, मग अण्णांचं पुस्तक. सुनेला कंपनी काही महिने परदेशी पाठवत होती, मुलगाही सोबत निघाला होता. विमान संध्याकाळचं, देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंतचा ट्रॅफिक धरता जेवणानंतर फार वेळ नव्हता.

पुस्तक म्हणजे एक जुनी स्पॅनिश कादंबरी. चिकपेटेच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर बसायचे त्या दिवसांत अण्णांनी ती रद्दीच्या गठ्ठ्यातून उचलली. कातडी बांधणी, सोनेरी कडा आणि आत काळ्या शाईतली सुंदर चित्रं, घोड्याच्या आयाळीचा केस न् केस मोजावा अशी. मध्यंतरी एका जाणकाराने फोटो पाहून आवृत्ती दुर्मिळ असल्याचं कळवलं. पण घरात स्पॅनिश कुणाला येणार? अण्णांनी चित्रांवरून स्वतःच गोष्ट जुळवली. घोड्यावरचा काटकुळा माणूस नवरदेव. त्याची वरात रस्ता चुकलीय. गाढवावरचा ढेरपोट्या त्याचा मामा, सारखा ‘जेवण कधी?’ विचारणारा. ही गोष्ट ऐकत मी वाढले, माझा मुलगा वाढला, आता भाची ऐकते.

सून बेळगावची. महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात दिवसभर स्पॅनिश गिऱ्हाइकांशी बोलते. ते कळल्या दिवसापासून भाची नाचत होती: “आता खरी गोष्ट कळणार!”

पूजेआधी मी पुस्तक कपाटातून काढलं, पुसलं, खादीच्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवलं. मग मुलाला म्हटलं, “टेबलावरची पुस्तकं पूजेला मांड.” सांगितल्याप्रमाणे त्याने सगळी मांडली. अक्काने हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, आरती झाली. माझ्या ध्यानात आलं तेव्हा कादंबरी सरस्वतीच्या पुढ्यात, भाचीच्या गणिताच्या पुस्तकाखाली बसली होती.

आमच्याकडे नवमीला पूजेत मांडलेलं पुस्तक दसऱ्यापर्यंत उघडत नाहीत. शिलाई मशीनसुद्धा चालवत नाहीत. अक्काच्या राज्यात तर नाहीच नाही.

“सरी, ठीक आहे, मग राहू दे,” अण्णा लगेच म्हणाले. “देवीपुढे आहे, चांगलंच आहे. पुढच्या खेपेला बघू.”

इतक्या चटकन म्हणाले की मी त्यांच्याकडे पाहिलं. जेवताना भाचीने विचारलं, “अण्णा, तो नवरदेव नसला तर?” अण्णांनी ताटातल्या होळिगेचा, म्हणजे पुरणपोळीचा, तुकडा उगाच इकडचा तिकडे केला. नातवंडांपुढे आपण खोटे पडू, ही धास्ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

ती अक्कालाही दिसली. हात धुऊन ती देवापाशी गेली, अक्षता वाहिल्या, “आई, स्वल्प सरकून घे” म्हणाली आणि पुस्तक सरळ उचलून आणलं.

“अगं, नवमी आहे!” अण्णा.

“देवीशी मी बोलते. लग्नापासून ती वरात ऐकतेय मी, पोचत काही नाही. मलाही कळू दे कुठे अडकलीय ती. वाच गं.”

कुंकू फडक्यालाच लागलं होतं; कातडं स्वच्छ होतं. सुनेने पान उघडलं, मनात वाचलं आणि अण्णांकडे बघत अडखळली.

“सांग सांग,” अण्णा म्हणाले. “घाबरू नको.”

“अण्णा, हा नवरदेव नाही. हा एक गृहस्थ आहे. पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलंय, स्वतःला मोठा वीर समजून घराबाहेर पडलाय.”

मग अक्का म्हणाली, “म्हणजे हे तुमचंच की हो!”

भाची हसली, मुलगा हसला, शेवटी अण्णांचंही पोट हलायला लागलं. “आणि तो मामा?” त्यांनी विचारलं.

सुनेने पानं उलटली, ओळीवर बोट फिरवलं. “मामा नाही, शेजारी आहे. पण अण्णा, इथे तो खरंच खाण्याचंच बोलतोय. पुढच्या पानावरही.”

अण्णांनी मांडीवर थाप मारली. “बघा! चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं मी!”

“पण मला नवरदेवच पाहिजे,” भाचीने ठणकावलं.

“तो आहेच गं आपला,” अण्णा म्हणाले. “ हा दुसरा. याचंही ऐकू या. सूनबाई, पहिल्यापासून वाच.”

कॅबवाल्याचा दोनदा फोन आला तरी वाचन चालू होतं. सुनेचे शब्द अडले की अण्णाच चित्र बघून पुढचं सांगायचे, कधी बरोबर, बहुतेक वेळा चूक, आणि चुकले की सगळ्यांत मोठ्याने तेच हसायचे.

आता दर रविवारी सून फोनवर पुढचा भाग वाचते. पानांचे फोटो पाठवायचं काम माझं, ते वेळेवर होतं. चित्रांमध्ये घालायला पातळ कागद आणले, घातले. अण्णांची वरात मात्र त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायची राहिली आहे. मी फोन पुढे धरला की ते हाताने बाजूला सारतात: “थांब गं, आधी याचं काय होतं ते कळू दे.”