दोन घमेली माती

थाळ चुकीचा मीच आणला आणि ओरडलोही मीच. एकाच सकाळी दोन घोटाळे करायला वेगळं शिक्षण लागत नाही, माझ्याकडे आहे तेवढं पुरतं.

मामा ओढ्यात गुडघाभर पाण्यात वाकून थाळ फिरवत होता. वाळू हळूहळू कडेने सांडत होती. तळाला काळी रेघ उरली आणि त्या रेघेच्या शेपटाला चार-पाच पिवळे ठिपके. मामाने नुसता श्वास रोखला. शहाण्या माणसाने अशा वेळी आपलाही रोखावा. मी "सोनं! मामा, सोनं!" असा ठणाणा केला, की गोठ्यातून जमिनीच्या मालकीणबाई हातातल्या खराट्यासकट धावत आल्या आणि त्यांच्या मागोमाग त्यांचं वासरू.

"कुठंय? बघू!"

मामाने थाळ पुढे केला. बाईंनी नाक पाण्याला लागेपर्यंत वाकून पाहिलं.

"एवढुसं?"

"एवढुसंच असतं ताई," मामा म्हणाला.

मामाचं सांगायचं तर तो झारेकरी. म्हणजे सोनार कानशीने दागिना घासतात तेव्हा जो कीस उडतो, फरशीच्या फटीत बसतो, पायपुसण्यात अडकतो, हात धुतलेल्या पाण्यात उतरतो, तो सगळा केर मामा गोळा करून आणतो. भट्टीत जाळतो, राख कुटतो, थाळात धुतो आणि निघालेलं सोनं ज्याचं त्याला नेऊन देतो. त्याची मजुरी ठरलेली. सोनारांची अख्खी गल्ली त्याला 'केरोबा' म्हणते आणि तो त्या नावाला ओ देतो. त्याचं घर गल्लीच्या मागे, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत मामी. दोन्हींतली जास्त तापते कुठली ते मी लिहीत नाही, मला तिथे जेवायला जावं लागतं.

"दुसऱ्यांच्या घरचा केर डोक्यावर घेऊन येतात," मामी म्हणते, "आणि आपल्या घरातला काढा म्हटलं की यांची कंबर धरते."

चाळीस वर्षं लोकांच्या हातून सांडलेलं सोनं वेचल्यावर मामाला एक खूळ लागलं होतं. कुणाच्याही हातून न सांडलेलं सोनं एकदा बघायचं. जमिनीतलं, पाण्याने आणलेलं, ज्याला अजून कुणी मालक नाही असं. त्यापायी तो दिसेल त्या ओढ्यापाशी थांबायचा. पाहुण्यांकडे ताटं वाढून झाली तरी हा मागच्या नाल्यात मुठीने वाळू उपसत बसलेला, आणि मामी पाहुण्यांना सांगतेय, "त्यांना भूक कमीच असते."

मालकीणबाई कानातल्याची मोडलेली कडी जोडून घ्यायला गल्लीत आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या की आमच्या ओढ्यातली वाळू उन्हात चकाकते. ते चकाकणं बहुधा अभ्रकाचं असतं हे मामाला पक्कं ठाऊक. तरी त्याच दिवशी त्याने त्यांना गाठलं आणि परवानगी मागितली. काही निघालंच तर पुढचं रीतसर विचारून करू, तोवर नुसतं बघू. बाईंचं म्हणणं थोडकं होतं, की फाटक उघडं टाकू नका, वासराला बिचकवू नका आणि खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय जाऊ नका.

"खड्डा बुजवल्याशिवाय मी तुमच्याकडे चहासुद्धा घेणार नाही," मामा म्हणाला होता.

बाई एकट्या. गुडघे गेलेले, गाईचं धारपाणी होईना. मुलीने आपल्या घरी त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती, खिडकीत पडदेसुद्धा लावले होते. जमिनीला गिऱ्हाईकही होतं, पलीकडचा रोपवाटिकावाला. त्याला ओढ्यालगतची सपाट जमीन हवी होती आणि त्याच आठवड्यात तो शेवटचं विचारायला येणार होता. हे सगळं बाईंनी आम्हाला पहिल्या चहाआधीच सांगितलं. म्हणजे आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता थाळ. मामाकडे थाळ दोन. एक घरातला, केर धुवायचा, वर्षानुवर्षं वापरून काळाभोर झालेला. दुसरा नवाकोरा, खास ओढ्यासाठी घेतलेला, खिळ्याला टांगलेला. घरातला थाळ घराबाहेर न्यायचा नाही, हा मामाचा एकुलता एक कडक नियम. "नवा थाळ पिशवीत टाक," असं त्याने मला सांगितलं. नवा उंच टांगलेला, जुना हाताशी. थाळ तो थाळ, असं मला वाटलं.

ओढ्यावर पिशवी उघडल्यावर मामाने कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, हा घरातला!"

"धुऊन घे की."

परत जायचं तर बसची वाट बघण्यातच दुपार गेली असती. मामाने थाळ वाळूने खसाखसा घासला, तीनदा विसळला, उन्हात तिरका धरून पाहिला आणि म्हणाला, "चालेल."

माझ्या गाढवपणानंतर ते 'चालेल' आलं नसतं तर हे सगळं घडलंच नसतं. पण ते आलं. इतकी वर्षं वाट बघितलेल्या माणसाच्या तोंडून येतंच.

पहिल्या थाळात चार-पाच ठिपके. मग आम्हाला दम कुठला? मी खणतोय, मामा धुतोय, बाई काठावर बसून मोजतायत. दुसऱ्या थाळात दोन. नंतर एकात एक, बाकीचे कोरे. आम्ही जागा बदलली, चार खड्डे केले, शेवटचा तर माझ्या कमरेइतका. काही नाही. बाई मात्र खूष होत्या. "पहिल्याच दिवशी एवढं म्हणजे आत केवढं असेल!" संध्याकाळ झाली, बस चुकेल म्हणून मामा म्हणाला, "ताई, खड्डे पुढच्या खेपेला बुजवतो." बाई म्हणाल्या, "राहू द्यात हो, अजून खणायचंच आहे." आणि मामाने त्यांच्याकडे चहा घेतला.

ठिपके पाण्याच्या बाटलीत घालून आम्ही गल्लीत आलो. माझं तोंड बसमध्येच सुटलं होतं, गल्लीत ते बंद कशाला होतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या सोनाराने मामाला दुकानात वर बोलावलं. वर! गादीवर. चाळीस वर्षं ज्या दुकानाच्या पायरीखाली मामा गोणी घेऊन उभा राहिला, तिथे त्याला टेकायला लोड दिला. "केरोबा, तुम्ही तर खाणीचे मालक झालात!" 'तुम्ही' म्हणाला. मामा हसला, पण ते हसू मला जरा आखूड वाटलं. बाटली दाखवा म्हटल्यावर त्याने खिसा चाचपला आणि घरी राहिली म्हणाला. बाटली खिशातच होती, मला तिचं झाकण दिसत होतं.

मला वाटलं, मामा मुरलेला आहे, भाव खातोय.

त्याच आठवड्यात बाईंचा मला फोन आला. आवाज एकदम तरणा. "अरे, तो रोपांवाला येऊन गेला. मी त्याला साफ नाही म्हटलं. म्हटलं, ही जमीन आता विकायची नाही. लेकीलाही कळवलंय, एवढ्यात येत नाही म्हणून. तुझ्या मामाला सांग, लवकर या!"

मी उड्या मारत घरी गेलो. मामा जेवत होता. मी सांगितलं. त्याचा हात ताटातच थांबला.

"नाही म्हणाल्या?"

"साफ!"

मामा उठला. हात धुतला. भट्टीशेजारच्या फळीवरून भिंग काढलं, बाटली उघडून एक ठिपका काचेवर घेतला आणि भिंग माझ्या हातात दिलं. "बघ."

मी पाहिलं. पिवळं होतं. "सोनंच आहे की."

"सोनंच आहे. नीट बघ. पाण्यातून वाहत आलेला कण घासून बोथट होतो, चपटा होतो. हा कसाय?"

तो वळलेला होता. बारीक, कडक, एका बाजूला धार. पेन्सिल तासल्यावर पडणाऱ्या सालासारखा.

"कानशीचा कीस," मामा म्हणाला. "थाळाच्या काठाला दुमड आहे ना, तिथे बसलेला. मी वाळूने घासला आणि सुटा केला. ओढ्यातलं नाही ते. आपल्याच गल्लीतलं."

म्हणजे गल्लीतलं सोनं आम्ही बसने ओढ्यावर नेलं, बाईंना दाखवलं आणि परत आणलं. मला हसू फुटणार होतं. मामाचा चेहरा बघून ते आत गेलं.

"तुला आता कळलं?" मी विचारलं.

मागच्या खोलीतून मामी म्हणाली, "ज्या दिवशी आले त्याच संध्याकाळी भिंग लावून बसले होते. मी विचारलं, तर म्हणे डोळा दुखतोय."

"मग सांगायचं ना! फोन करायचा!"

"सांगणार होतो," मामा म्हणाला. "सकाळी फोन करायला निघालो, तर त्या सोनाराने दुकानात वर बोलावलं. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. मग दुसऱ्याने बोलावलं." त्याने माझ्या हातातलं भिंग घेऊन फळीवर ठेवलं. "मला वर बसायला बरं वाटत होतं रे."

थाळ मी नेलेला. ठणाणा मी केलेला. मामीने त्याचं अर्धवट ताट उचललं आणि झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही गेलो. मामाने घमेलं आणि फावडं बरोबर घेतलं होतं. बाई फाटकाशीच उभ्या, केस विंचरलेले, हसऱ्या. "या या! आज पलीकडच्या अंगाला खणा."

मामाने तिथेच, फाटकाच्या बाहेर उभ्या उभ्या सांगितलं. थाळ घरातला होता, सोनं दुकानातलं होतं, ओढ्यात काही नाही. तीन वाक्यांत संपवलं. माझं नाव त्यात नव्हतं. मी म्हणालो, "बाई, थाळ खरं तर–"

"घमेलं धर," मामा म्हणाला.

बाईंचा हात फाटकाच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळलं?"

इथे एक शब्द पुरला असता. 'काल' म्हटलं असतं तर आम्ही नुसते मूर्ख ठरलो असतो आणि मूर्खांना लोक चहा देतात. मी मनातल्या मनात 'काल, काल' करत होतो.

"त्याच संध्याकाळी," मामा म्हणाला.

"म्हणजे मी त्याला नाही म्हणायच्या आधी."

"हो ताई."

बाईंनी फाटक उघडलं नाही, लावलंही नाही. त्या आत गेल्या, फोन घेऊन बाहेर आल्या आणि आमच्या समोरच रोपवाटिकावाल्याला लावला. त्यांना कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकरवर.

"बोला! खाणवाल्या बाई आम्हा माळ्यांना कसा काय फोन करतायत?"

बाई म्हणाल्या, "चूक झाली. सोनंबिनं काही नाही. जमीन घ्याल का?"

"आता मी दुसरीकडे बघतोय हो."

"असं नका करू. हात जोडते तुम्हाला. लेकीकडे जायचंय मला."

मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी फाटकाच्या गंजाकडे. खराटा घेऊन धावत आलेली बाई फोनवरच्या माणसाला हात जोडत होती. फोनवर जोडलेले हात कुणाला दिसत नाहीत, पण त्यांनी खरोखरच जोडले होते, फोन बोटांत धरून.

"बघतो," तो शेवटी म्हणाला. "पण आधी ते खड्डे बुजवून घ्या. मला सपाट पाहिजे, दऱ्याखोरी नकोत."

बाईंनी फोन बंद केला आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलंत ना?"

आम्ही दिवसभर खड्डे बुजवले. पाणीसुद्धा आम्ही ओढ्याचंच प्यायलो. वासरू येऊन मामाची पाठ हुंगून गेलं, त्याला काही कळलेलं नव्हतं. तीन खड्डे भरले. चौथा, माझा कमरेइतका, भरता भरता माती संपली. कारण उघड होतं. खणलेली माती आम्ही धुतली होती आणि धुतलेली ओढ्याने नेली होती. पुढच्या गावात कुणाच्या तरी बांधाला लागली असेल. खड्ड्यात पसरट खळगा राहिला. मामा पायाने दाबून बघत राहिला.

"दोन घमेली कमी पडते," तो म्हणाला. "ताई, मी आणून टाकतो."

"बघा," बाई आतूनच म्हणाल्या.

जमीन गेली. रोपवाटिकावाल्याने भावात ताणून घेतली, पण घेतली. बाई लेकीकडे राहायला गेल्या, म्हणजे पडदे सत्कारणी लागले. जाण्याआधी कानातल्याची कडी पुन्हा मोडली म्हणून त्यांनी गल्लीत फेरी मारली, पण आमच्या दारावरून गेल्या नाहीत. मामाला आता गल्लीत कुणी वर बोलावत नाही, त्यानेच सगळ्यांना जाऊन खरं सांगितलं. पुन्हा केरोबा, पुन्हा पायरीखाली. कोपऱ्यावरचा सोनार अजून विचारतो, "काय केरोबा, आज खाणीला सुट्टी?" आणि मामा हसून गोणी खांद्यावर घेतो. दोन्ही थाळ आता खिळ्याला आहेत, नवा अजून कोराच.

माती मात्र तयार आहे. मामाने मागच्या अंगणातली खणून गोणीत भरली, खडे वेचून, सवयीने चाळूनसुद्धा. मामीने विचारलं, "धुतली नाहीत ना?" गोणी दाराशी उभी आहे. रविवार आला की मामाची कंबर धरते, आणि मी "चल, मी घेतो खांद्यावर" म्हणालो की बस गेली असेल म्हणतो. मीही पुन्हा विचारत नाही. तिथे गेलो तर बाईंचा नवा पत्ता विचारावा लागेल आणि थाळाचं मलाही सांगावं लागेल.

मामीने त्या गोणीत पुदिना लावलाय. चांगला फोफावलाय. मामा रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालतो आणि तेवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.