रिकामा पाइप

सावेडीत आमचं घर उभं राहत होतं तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक सरत आलं होतं. स्लॅब पडला होता, भिंतींना गिलावा व्हायचा होता. माझे मिस्टर नागापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. पहिली पाळी सुटली की सायकल घरी न येता थेट बांधकामावर जायची. एकदा मी चहा घेऊन गेले, तर ते खडूने उघड्या विटांवर रेघा ओढत होते. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून मागच्या खोलीत.

"ह्या लाइटच्या का?" मी विचारलं.

"लाइटच्या वेगळ्या. ह्या नंतरच्या वायरींसाठी."

"नंतरच्या म्हणजे कुठल्या?"

"अजून यायच्यात."

एवढंच बोलणं. माणूस मुळातच कमी बोलणारा. बाकीचं मला आठवडाभरात तुकड्यातुकड्याने कळलं. कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले होते. पुण्याहून एक इंजिनीअर आला, त्याने भिंतीभिंतीतून वायर फिरवली. यांनी स्टुलावर उभं राहून ती धरली होती. मग एका टेबलावर टाइप केलेलं पत्र शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर उमटलं. ते पाहिल्यापासून यांच्या डोक्यात आमच्या न झालेल्या घराच्या भिंती बोलू लागल्या होत्या.

गवंडी हसला. सासूबाई गावाकडून घर बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "भितीत वारा खेळवायचाय व्हय ह्याला?" यांनी मात्र लाइटच्या पाइपापासून हातभर लांब दुसरे पाइप बसवले. जवळ घेतले तर स्पीकरच्या, फोनच्या आवाजात घरघर येते, म्हणाले. कोपऱ्यात पाइप काटकोनात न मोडता हळूहळू वळवत नेला आणि पुढे वायर ओढून घ्यायला प्रत्येकात नायलॉनची दोरी ओवून ठेवली. मग गिलावा झाला, चुना लागला, आणि सगळं दिसेनासं झालं.

राहायला गेलो तेव्हा उन्हाळा होता. दुपारी मी गार फरशीवर आडवी व्हायची. डोळे मिटले की भिंतीतले ते रिकामे रस्ते मला दिसायचे. अर्धवट झोपेत वाटायचं, त्यांतून कुणीतरी अनवाणी चाललंय, या खोलीतून त्या खोलीत. भीती वाटायची नाही. उलट घर जागं आहे, आपण झोपायला हरकत नाही, असं वाटायचं.

वर्षभराने घरात कॅसेटचा डेक आला. एक स्पीकर हॉलमध्ये ठेवायचा आणि दुसरा स्वयंपाकघरात, असं यांनी ठरवलं. "दिवसभर तूच असती तिथं," म्हणाले. रविवारी दुपारी पाइपाच्या दोन्ही तोंडांवरचे भिंतीतले बॉक्स उघडले. दोरी ओढली तर वीतभर तुकडाच हातात आला. आत कुठेतरी सिमेंटमध्ये अडकून ती तुटली होती. मग यांनी पाइपातून सरकवायची लांब पोलादी स्प्रिंग काढली. मला म्हणाले, "तू तिकडं थांब. टोक दिसलं की धर."

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढले आणि पाइपाच्या तोंडाला कान लावला. आधी नुसता वारा. मग स्प्रिंग घासत सरकल्याचा आवाज, आणि त्याच्यामागून यांचा श्वास. इतका जवळ, की मी दचकून मागे पाहिलं.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," मी पाइपात म्हणाले.

"थांब, वळणावर अडकलीय."

आम्ही थांबलो. दोघांच्या मध्ये अख्खं घर होतं, तोंडं दिसत नव्हती. त्यामुळेच असेल, सहा वर्षं मनात ठेवलेलं मी विचारून टाकलं.

"तुम्ही मामाकडे मला बघायला आला होता, तेव्हा मी काय म्हणाले होते, आठवतं?"

पाइपात स्प्रिंग एकदा खरवडली.

"खरं सांगू? काहीच ऐकू आलं नव्हतं. तुझ्या मामाच्या घराशेजारी पिठाची गिरणी चालू होती. मी आपली मान हलवली."

मी स्टुलावर बसकणच मारली. लग्नाआधी मी या माणसाला एकच गोष्ट विचारली होती, मला बारावीच्या पुढं शिकू द्याल का? त्यांनी मान हलवली होती. लग्न झाल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही. शब्द देऊन विसरले, म्हणून मी सहा वर्षं मनातल्या मनात त्यांच्यावर रुसून होते. आणि त्यांना रुसवाही माहीत नव्हता, शब्दही माहीत नव्हता.

"काय म्हणाली होतीस?" पाइपातून आवाज आला.

मी पुन्हा स्टुलावर उभी राहिले आणि सांगितलं.

"मग परत का नाही विचारलंस?"

"तुम्ही का नाही विचारलंत, मी काय बोलले ते?"

"लाज वाटली," ते म्हणाले.

तेवढ्यात गावाहून चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "कुनाशी बोलती गं भितीशी?"

"ह्यांच्याशी," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि पाणी पिऊन निघून गेल्या.

मग स्प्रिंगचं टोक बाहेर आलं. मी त्याला वायर बांधली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. "मी ओढतो, तू सोडत राहा. ताणू नको," ते म्हणाले. काळी वायर माझ्या बोटांतून भिंतीत शिरत गेली. मधेच थांबायची, पुन्हा निघायची. पलीकडे त्यांचे हात आहेत हे मला प्रत्येक हिसक्याला कळत होतं.

दोन आठवड्यांनी डब्याच्या पिशवीतून त्यांनी बहिःस्थ परीक्षेचा फॉर्म काढून ओट्यावर ठेवला. आमचं बोलणं त्यानंतरही वाढलं, असं नाही.

मी दुपारी स्वयंपाकघरात अभ्यास करायची. स्पीकर बारीक आवाजात चालू असायचा. सासूबाई आता आमच्याकडेच राहत होत्या, भिंतीशी पडून असायच्या. मी मनात वाचत असले की म्हणायच्या, "मोठ्यानं वाच, मला बी कळू दे." मी राजेरजवाड्यांच्या लढाया वाचून दाखवायची, त्या डोळे मिटून हुंकार द्यायच्या, आणि तहाची कलमं येईपर्यंत झोपी जायच्या. इतिहासाचा पेपर मला दोनदा द्यावा लागला.

पदवीचा कागद पोस्टाने आला त्या दिवशी यांची दुसरी पाळी होती. सासूबाईंनी पदराला हात पुसून तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कुठं ठिवायचा ह्यो?" कपाटात साड्यांच्या खाली आम्ही दोघींनी तो सपाट करून ठेवला.